वारसांची जमीन: सामाईक ठेवावी की एलएलसी करावी?

अमेरिकेच्या दक्षिणेत मृत्युपत्राविना वारसांकडे आलेल्या जमिनीमुळे अनेक कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांपुढे हा पेच असतो. एलएलसी म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी; जमीन तिच्या नावावर होते आणि वारस तिचे हिस्सेदार होतात.

सामाईक ठेवायला नवा खर्च नाही. पण एका वारसाचा हिस्सा बाहेरच्याने घेतला, की तो वाटपाचा दावा लावून अख्ख्या जमिनीची विक्री मागू शकतो. कित्येक जमिनी अशाच गेल्या. अशा जमिनीच्या वाटपासाठी राज्यांपुढे ठेवलेला 2010 चा नमुना कायदा स्वीकारलेल्या राज्यांत विक्री मागणाऱ्याचा हिस्सा इतरांना आधी घेता येतो. घ्यायचा इरादा कळवायला मुदत 45 दिवस. 2018 च्या फार्म बिलनंतर, म्हणजे केंद्रीय शेती कायद्यानंतर, सरकारी योजनांसाठी लागणारा शेतक्रमांक मालकीच्या स्पष्ट कागदांऐवजी पर्यायी कागदपत्रांवर मिळतो, कर्ज मात्र अवघडच.

एलएलसीत हिस्साविक्रीवर करारानेच बंधन घालता येतं. त्यासाठी वंशावळ, वकील, प्रत्येकाची सही. एक सही राहिली, तर तेवढा हिस्सा बाहेरच आणि धोका कायम.

वारस मोजके, बोलणं चालू असेल तर एलएलसी. विखुरलेले असतील तर तूर्त सामाईक. कर मात्र थकवू नका.