अडेनियम: ठाण्याच्या गच्चीवर एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेला हिवाळा सरता सरता अडेनियमची रोपं घेतली. त्यांनी उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहिले, आता दिवाळीही होऊन गेली. नर्सरीत फुलांनी डवरलेलं झाड घरी आणलं की लोक लगेच कौतुकाने लिहितात, पण ठाणे-मुंबईच्या पावसात त्याचं पुढे काय होतं हे फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

हे झाड मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातलं, पूर्व आफ्रिकेतलं आणि अरबस्तानातलं. बुंध्याशी फुगलेल्या गड्ड्यात ते पाणी साठवतं, त्यामुळे उन्हाळ्यात त्याची काही काळजीच नसते. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवरचा गुलाब मलूल झाला होता, तेव्हा अडेनियमवर गडद गुलाबी फुलांचे झुबकेच्या झुबके होते. ऊन मात्र भरपूर हवं, दिवसाचे सहा तास तरी. सावलीतल्या बाल्कनीत फांद्या लांबुडक्या होतात आणि फुलं रुसतात. अशी जागा असेल तर मी हे झाड सुचवणार नाही.

कलमी की बियांचं, हे घेण्याआधीच ठरवा. कलमी रोपाला हव्या त्या रंगाची, दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची फुलं येतात, पण कलमाचा सांधा बरेचदा डोळ्यांत भरतो. बियांचं रोप स्वस्त पडतं आणि त्याचा बुंधा अखंड, डौलदार वाढतो. फुलाचा रंग मात्र नशिबावर. मला बियांची रोपं जास्त आवडली.

आता मातीबद्दल, कारण सगळं तिथेच ठरतं. माझी रोपं आली ती कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात. नर्सरीच्या छताखाली ते चालून जातं, आपल्या पावसात नाही. मी निम्मे विटेचे तुकडे घेतले, साधारण वाटाण्याएवढे, चाळून भुगा पूर्ण काढलेला. पाव भाग जाड वाळू, पाव भाग जुनं कुजलेलं शेणखत आणि वर मूठभर निंबोळी पेंड. वरून तांब्याभर पाणी ओतलं की खालच्या भोकांतून लगेच धार लागली पाहिजे. पाणी वर तुंबून राहिलं तर पुन्हा चाळा. कुंडी पसरट घ्या आणि ती विटांवर उचलून ठेवा.

एक रोप तुलनेसाठी मुद्दाम नर्सरीच्याच कोकोपीटमध्ये ठेवलं होतं. जुलैत सलग झड लागली आणि त्याची पानं पिवळी पडू लागली. वरून बुंधा ठणठणीत दिसत होता, पण अंगठ्याने दाबला तर बोट आत गेलं, साल सरकली आणि तपकिरी, आंबूस पाणी बाहेर आलं. शेंड्याकडच्या फांद्या धारदार सुरीने कापल्या, आत पांढरा निरोगी गर लागेपर्यंत. बुरशीनाशक पावडर लावून आठवडाभर सावलीत सुकवल्या आणि वाळूत खोचल्या. त्या जगल्या, पण छाट कलमाला बियांच्या रोपासारखा गुबगुबीत गड्डा सहसा येत नाही. वीट-वाळूतली रोपं उघड्या पावसातही टिकली. पत्र्याखाली ठेवलेल्यांना फुलं जास्त आली, एवढाच फरक. तेव्हा पावसाळ्यात दर चार-आठ दिवसांनी बुंधा दाबून बघत जा. पानं पिवळी पडायची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो.

ऑगस्टमध्ये पानं एका रात्रीत गायब होऊ लागली. शोधल्यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडली, डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीला पिवळसर शिंग. कण्हेरीवर येते तीच ही. हाताने वेचली, फवारणीची गरज पडली नाही. पिठ्या ढेकूण मात्र कोवळ्या शेंड्यांत लपतो, त्याला निंबोळी तेल लागलं.

अळीचं नातं कण्हेरीशी आहे तसंच झाडाचंही. येमेनमध्ये फिरलेल्या पेहर फोर्स्कोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाची नोंद कण्हेरीच्याच वंशात केली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर १७७५ साली छापली गेली. कण्हेरीसारखाच याचा चीक विषारी, हृदयावर परिणाम करणारा. छाटणी करताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर असेल तर हे झाड घेऊच नका, कितीही आवडलं तरी.

सध्या एका झाडाला जोडशेंग धरली आहे. तिला सैलसर दोरा बांधलाय, कारण शेंग तडकली की दोन्ही टोकांना झुपके असलेलं बी वाऱ्यावर उडून जातं. ताजं बी आठवडाभरात उगवतं, त्यामुळे साठवून ठेवणार नाही. थंडी सुरू झाली की पानगळ होईल. नाशिक-निफाडकडच्या लोकांकडे ती जास्तच होते, झाड मेलं समजून उपटू नका. तेव्हा पाणी अगदी कमी आणि खत बंद. छाटणी फेब्रुवारीअखेर. त्याच वेळी झाड कुंडीतून काढून बोटभर वर उचलून लावायचं, म्हणजे गड्ड्याचा आणखी थोडा भाग उघडा पडतो.