डॉइचलांडटिकेट: श्टुटगार्टच्या इंटर्नशिपभर वापरल्यानंतरचा अनुभव

आधी किमतीचं बोलते. मे २०२३ मध्ये जर्मनीभर चालणारं हे तिकीट महिना ४९ युरोंना सुरू झालं. मी वापरलं ते २०२५ मध्ये, तेव्हा ५८ होतं; जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. ५८ युरो म्हणजे साडेपाच-सहा हजार रुपये. इंटर्नच्या तुटपुंज्या पगारातून एवढे जाताना हात आखडतोच. पण आपल्याकडे लोकलचा पास दोन स्टेशनांपुरता असतो, आणि हा एकच पास उत्तरेच्या कीलपासून दक्षिणेच्या बोडनझे सरोवरापर्यंत सगळ्या शहरांतल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्यांना चालतो. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या तेवढ्या वगळून.

माझी खोली एस्लिंगनला, कंपनी ब्योब्लिंगनला. एस-१ लोकल थेट जाते. त्या मार्गाचा नेहमीचा मासिक पास याहून महाग, त्यामुळे पैसे ऑफिसच्या ये-जा करण्यातच वसूल. वेळेचं म्हणाल तर जर्मन वक्तशीरपणाच्या गोष्टी विमानतळावरच सोडून या. कधी रुळांचं काम, कधी सिग्नलचं, मग बदली बस. महत्त्वाच्या मीटिंगच्या दिवशी मी एक गाडी आधीची पकडायचे.

रविवारसाठी मात्र या तिकिटाला माझ्याकडून जास्तीचे गुण. इथे रविवारी किराणा, कपडे, मॉल, सगळं बंद. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात तेवढ्याच. भिंतीत ड्रिल मारायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. (कुकरच्या शिट्टीबद्दल कुठे लिहिलेलं नाही, पण फ्लॅटमधल्यांचे चेहरे बोलतात.) जिना झाडायची पाळी आली की दाराला ‘केअरवोख’ची पाटी लटकते, ते शनिवारीच उरकायचं. मग रविवारी करायचं काय? फ्लॅटमधली मुलं आपापल्या गावी गेलेली. सुरुवातीचे रविवार मी वरणभात खाऊन, आईला व्हिडिओ कॉल करून आणि झोपून काढले. तिच्याकडे घड्याळ साडेतीन तास पुढे, त्यामुळे माझी संध्याकाळ सुरू व्हायची तेव्हा ती जांभया देत असायची.

तिकीट खिशात आहेच म्हणून एकदा ट्युबिंगनला गेले, आणि मग दर रविवारी निघायलाच लागले. सकाळच्या प्रादेशिक गाड्यांत साठी-सत्तरीतल्या लोकांचे घोळके असतात. हातात काठ्या, पायात चिखल वाळलेले बूट, श्वेबिशे आल्बच्या डोंगरांत भटकायला निघालेले. ऑफिसात हवामानापलीकडे न जाणारी माणसं बघून मी या देशाबद्दल मत बनवलं होतं. ही मंडळी स्वतःहून चौकशी करतात. बाड उराखच्या धबधब्याला जाताना मी डब्यातून धपाटी काढली. समोरच्या आजींनी आधी वास घेतला, मग विचारून तुकडा घेतला, मग तिखट लागलं म्हणून माझंच पाणी संपवलं. उतरण्याआधी त्यांनी कमी चढाची वाट नकाशावर बोट ठेवून समजावली. माझं मोडकंतोडकं जर्मन क्लासपेक्षा अशा डब्यांतच जास्त सुधारलं.

एरवी गाडीत फोनवर मोठ्याने बोललं तर माना वळतात. पण शनिवारी व्हीएफबीचा, म्हणजे श्टुटगार्टच्या फुटबॉल क्लबचा, सामना असला की नेकारपार्क स्टेशनपर्यंत हीच एस-१ गाण्यांनी दणाणते आणि कुणी हूं की चूं करत नाही. रिकाम्या बाटल्या लोक कचरापेटीच्या आत न टाकता शेजारी उभ्या करून ठेवतात. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे दुकानात २५ सेंट अनामत परत मिळते. गोळा करणाऱ्याला आत हात घालायला लागू नये म्हणून.

लांबचा प्रवास जमतो, पण बूड मजबूत हवं. म्युनिकला आयसीईने साधारण दोन तास, या तिकिटावरच्या प्रादेशिक गाड्यांनी साडेतीनच्या आसपास. साल्झबुर्ग स्टेशनपर्यंतही हेच तिकीट चालतं. सोबत सायकल असेल तर तिचं तिकीट बहुतेक ठिकाणी वेगळं.

आता कटकटी. बहुतेक विक्रेत्यांना पैसे वळते करायला युरोपातलं बँक खातं लागतं. माझ्या बँकेने पत्ता नोंदणीचा कागद मागितला, नोंदणीला घरमालकाचं पत्र लागलं, आणि तोवर रोज सुटी तिकिटं काढण्यात बरेच पैसे गेले. त्यामुळे घरमालकाकडे ते पत्र भारतातूनच मागून ठेवा. तिकिटावर तुमचं नाव असतं, दुसऱ्याला देता येत नाही, फोटो असलेलं ओळखपत्र जवळ हवं. तपासनीस साध्या कपड्यांत येतात. विनातिकीट सापडलात तर ६० युरो. फोन बंद पडला तर तिकीट दाखवणार कसं? काही विक्रेते चिप कार्ड देतात, मी तेच घेईन म्हणते.

कंपनीत ‘जॉबटिकेट’ची, म्हणजे कंपनीमार्फत मिळणाऱ्या याच तिकिटाची, चौकशी करा. कंपनीने किमान २५ टक्के भरले की वर ५ टक्के सूट मिळते. आमच्याकडे इंटर्नना ते नव्हतं, पण विचारायला पैसे पडत नाहीत. ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि रविवारी लोळायलाच आवडत असेल, तर मात्र हे तिकीट घेऊ नका.

हे वर्गणीसारखं चालतं, म्हणजे रद्द करेपर्यंत दरमहा पैसे कापले जातात. इंटर्नशिप सप्टेंबरअखेर संपणार असेल तर १० सप्टेंबरच्या आत रद्द करा. ११ तारखेला केलंत तर ऑक्टोबरचेही कापतात, मग तुम्ही नाशिकला पोचलेले असा नाहीतर नागपूरला.