इग्वाना घ्यायचाय: कुणाच्या तरी घरचा मोठा की छोटं पिल्लू?

ज्यांचं इग्वाना (सरड्यासारखा दिसणारा मोठा सरपटणारा प्राणी) पाळायचं जवळपास ठरलंय आणि आता पिल्लू आणायचं की कुणाला नकोसा झालेला मोठा दत्तक घ्यायचा एवढ्यावरच अडलंय त्यांच्यासाठी लिहितेय. माझ्याकडे दत्तक आलेला नर आहे, आला तेव्हा 7 वर्षांचा होता, त्यामुळे माझं मत कुठे झुकतं ते आधीच सांगते: जागा असेल तर मोठा घ्या. जागा नसेल तर दोन्ही नको, आणि पिल्लू तर अजिबातच नको.

हे उलटं वाटेल, कारण पिल्लू छोट्या टँकमध्ये मावतं ना. मावतं, पण किती दिवस? अंड्यातून निघतं तेव्हा हिरवा इग्वाना जेमतेम वीतभर असतो आणि त्यातही निम्म्याहून जास्त नुसती शेपूट. तोच नीट वाढला तर तीनेक वर्षांत शेपटीसकट 5 फुटांच्या आसपास जातो, पूर्ण वाढलेला नर 6 फूट आणि 5-6 किलोचा होऊ शकतो. झाडावर राहणारा प्राणी आहे, त्याला उंची लागते, म्हणजे 6 फूट उंच, 6 फूट लांब आणि 3 फूट खोल असं एन्क्लोजर, म्हणजे त्याचा मोठा पिंजरा, धरून चाला, थोडक्यात घरातला एक अख्खा कोपरा कायमचा त्याचा. पिल्लू आणणारे बरेच जण म्हणतात की मोठा झाला की बघू, आणि मोठा झाला की तोच दुसऱ्याच्या दारात जातो. दत्तक घेताना हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही, तो समोरच बसलेला असतो, टेप घेऊन मोजता येतो.

स्वभावाचंही तसंच. लहानपणापासून हाताळलं की माणसाळतो असं सगळे सांगतात, त्यात तथ्य आहे पण खात्री नाही. पिल्लू नर की मादी हे नुसतं बघून कळत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी वयात आलं की गोड पिल्लाचा वेगळाच प्राणी झालेला असू शकतो. नर विणीच्या हंगामात केशरी पडायला लागतात, मान जोरजोरात वरखाली करतात, गळ्याखालची झालर फुगवतात आणि एरवी शांत असलेला सुद्धा या काळात चावू शकतो, आणि इग्वानाचे दात बारीक करवतीसारखे असतात, जखम खोल होते. मोठा घेताना सरळ विचारता येतं की हंगामात कसा वागतो, कुणाला चावलाय का, केव्हा. मला आधीच्या मालकाने स्वतःहून हातावरची खूण दाखवली होती आणि त्या प्रामाणिकपणामुळेच मी हो म्हटलं.

मोठा आला म्हणजे आयता माणसाळलेला आला असं मात्र समजू नका. घर बदललं की तो परत घाबरतो. माझा पहिले काही आठवडे मी जवळ गेले की माझ्या बाजूचा डोळा मिटून घ्यायचा आणि पलीकडचा टक्क उघडा. मला वाटायचं झोप आलीय. नंतर कळलं की त्याला मी नजरेसमोर नको असायचे, आणि पळायला जागा नाही म्हणून तो मला असं बंद करून टाकायचा. त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला दिसतो, तो म्हणजे तिसरा डोळा, त्याने चित्र दिसत नाही पण उजेड आणि सावली कळते. म्हणून वरून हात आला की शिकारी पक्षी आला असंच त्याचं शरीर समजतं. मी वरून हात घालणं पूर्ण बंद केलं, रोज ठरल्या वेळी शेजारी बसायचे, हात खालून आणि बाजूने, हातात जास्वंदीचं फूल. चौथ्या आठवड्यात त्याने आधी जीभ लावून बघितली आणि मग अख्खं फूल ओढून घेतलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून!

तब्येतीच्या बाबतीत मात्र दत्तकवाला हरू शकतो आणि इथे डोळे झाकून हो म्हणू नका. सगळ्यात जास्त दिसतो तो हाडं ठिसूळ होण्याचा आजार. यूव्हीबी प्रकाश (उन्हातले अतिनील किरण, घरात ते खास ट्यूबमधून द्यावे लागतात) मिळाला नाही की शरीरात डी3 जीवनसत्त्व बनत नाही, डी3 नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडातलंच कॅल्शियम ओढायला लागतं. खिडकीत ऊन येतं म्हणून ट्यूब लावली नाही असं कुणी सांगितलं तर सावध व्हा, साधी काच यूव्हीबी जवळपास सगळं अडवते. ट्यूब दिसायला पेटलेली असली तरी 6 ते 12 महिन्यांत तिचं यूव्हीबी उतरतं, म्हणून शेवटची कधी बदलली ते विचारा. जबडा रबरासारखा मऊ लागतोय का, अंग बारीक आणि मांड्या मात्र सुजल्यासारख्या आहेत का, बोटं थरथरतात का, पाठीचा कणा वाकडा आहे का हे बघा. योग्य काळजीने आजार थांबू शकतो पण वाकलेलं हाड सरळ होत नाही.

दुसरं खाणं. इग्वाना पूर्ण शाकाहारी आहे, पण काही जण अंडी नाहीतर मांजराचं खाणं देतात, त्याने किडनी खराब होते आणि ते वर्षानुवर्षं दिसत नाही. नुसतं लेट्यूस म्हणजे पाणीच, आणि पालक रोज दिला तर त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. मोहरीचा पाला, जास्वंद, थोडा लाल भोपळा असं चालतं. मादी असेल तर अजून एक, नराशिवायही ती अंडी घालते, एका वेळी 20 ते 70, उकरायला जागा नसेल तर अंडी आत अडकतात आणि जिवावर बेतू शकतं.

पिल्लाचं यातलं काहीच बिघडलेलं नसतं हा त्याचा खरा फायदा, पण ते झपाट्याने वाढत असतं त्यामुळे आपली चूक त्याला फार लवकर भोवते. सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर दोन्ही बाबतीत आधी शोधून ठेवा, शी तपासून जंत बघून घ्या.

उष्णता, ओलावा यात फरक नाही: उन्हाच्या जागी 35-38 अंश, बाकी 27-30, ओलावा 70 टक्क्यांच्या आसपास. गरम होणारा दगड सोबत दिला तर वापरू नका, पोट भाजतं. इग्वानाच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, म्हणून दरवेळी साबणाने हात धुवायचे, आणि घरात 5 वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल तर सध्या कुठलाच आणू नका. तुमच्याकडे पाळायला परवानगी आहे का आणि याचे कागद आहेत का तेही आधीच बघा.

एक हिशोब राहिलाच. नीट सांभाळला तर 15-20 वर्षं जगतो. पिल्लू म्हणजे ती सगळी वर्षं तुमची, 8 वर्षांचा घेतला तर साधारण अर्धी. मला दुसरं जमण्यासारखं होतं.

घ्यायचा ठरला तर आधी दोनदा तरी भेटायला जा, एकदा त्याच्या जेवणाच्या वेळी. पहिले दोन आठवडे तिथलंच खाणं चालू ठेवा, ते चुकीचं असेल तरच लगेच बदला. आणि निघताना त्याची बसायची जुनी फांदी मागून घ्या, माझ्याकडे नखांनी खरवडलेली एक आली होती, नव्या एन्क्लोजरमध्ये मी तीन चांगल्या जाड फांद्या लावल्या होत्या पण पहिल्या रात्री तो त्या जुन्या फांदीवरच जाऊन झोपला.