हमीपत्र, ऑडिट की प्रत्यक्ष विचारपूस? लहान कंपनीने वेठबिगारी कशी शोधावी

मोठ्या ग्राहकाचा ईमेल येतो: 'तुमच्या कामात आणि पुरवठा साखळीत आधुनिक गुलामगिरी नाही, याची लेखी खात्री पंधरा दिवसांत पाठवा.' तीस-चाळीस माणसांच्या कंपनीत असल्या कामाला वेगळा माणूस नसतो. ते खरेदी बघणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडतं. हा आढावा त्याच्यासाठी.

कायद्याचा थेट धाक किती? ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरी कायदा वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांकडूनच, ती रोखायला काय केलं याचं निवेदन मागतो. ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या कायद्यात ही मर्यादा १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. लहान कंपनी दोन्हींत बसत नाही, पण मोठी कंपनी आपली अट करारातल्या एका कलमातून खाली सरकवते आणि ती तुमच्यापर्यंत पोचते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमाने तर ही पळवाटही ठेवलेली नाही. सक्तीच्या मजुरीतून बनलेला माल १४ डिसेंबर २०२७ पासून तिथल्या बाजारात चालणार नाही, मग बनवणारा लहान असो की मोठा.

हमीपत्र

सगळ्यात स्वस्त मार्ग. आचारसंहिता जोडायची, प्रश्नावली पाठवायची, सही-शिक्का घ्यायचा. 'तुमच्याकडे सक्तीची मजुरी आहे का?' या रकान्यात कुणी 'हो' लिहिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तरी ते टाकाऊ नाही. करारात कागद मागण्याचा आणि भेट देण्याचा हक्क लिहून घेतला, तर पुढे तोच उपयोगी पडतो. आणि प्रश्न हो-नाहीचे न ठेवता आकड्यांचे ठेवा: तुमच्या पगारपत्रकावर किती कामगार, ठेकेदारामार्फत किती, ठेकेदार कोण, माणसं आणण्याचा खर्च कुणी केला? जो पुरवठादार नेमके हे रकाने रिकामे सोडतो, तिथे आधी जायचं.

ऑडिट

बाहेरची संस्था येते, दिवस-दोन दिवस राहते, अहवाल देते. खर्च बराच, आणि तो बहुधा पुरवठादाराच्याच खिशातून जातो, म्हणजे तपासणारा तपासल्या जाणाऱ्याचा पगारी. आग विझवण्याची साधनं, वयाचे दाखले, हजेरीपट अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी ऑडिट ठीक. पण कामगाराने हजारो मैलांवर एजंटाकडून घेतलेलं कर्ज त्यात कुठून दिसणार?

दिसणाऱ्या गोष्टीही सुटतात. कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्याला एसए८००० हे सामाजिक प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. ११ सप्टेंबर २०१२ रोजी तिथे आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज होते.

पुरवठादाराकडे आधीच ऑडिट झालेलं असेल तर नवीन मागून त्याचा खर्च वाढवू नका. फक्त प्रमाणपत्रावर भागवू नका, पूर्ण अहवाल मागा आणि 'त्रुटी' हे पान आधी वाचा. एकही त्रुटी नसलेला अहवाल मला जास्त खटकतो.

स्वतः जाऊन विचारणं

लहान कंपनीने पैसे आणि वेळ इथे घालावा, असं माझं मत आहे. सगळीकडे जाणं शक्य नाही. जिथे स्थलांतरित आणि कंत्राटी माणसं जास्त, तिथे जा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे २ कोटी ८० लाख माणसं सक्तीच्या मजुरीत होती, आणि प्रौढ स्थलांतरित कामगारांत हे प्रमाण इतरांच्या तिपटीहून जास्त होतं.

या संघटनेने सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं दिली आहेत. खरेदीवाल्या माणसाने तीन जरी पकडली तरी पुष्कळ: अडकवलेली कागदपत्रं, कर्ज, थकवलेला पगार.

पगारपत्रक उघडा आणि शेवटच्या वजावटीच्या रकान्यावर बोट ठेवा. अकरा जणांच्या नावापुढे दर महिन्याला 'इतर' म्हणून तीच रक्कम कापली जात असेल, तर ती बहुतेक उचल आहे किंवा एजंटाचा हप्ता. हजेरीपटात महिनाभर सगळ्यांची वेळ एकाच शाईत, एकाच अक्षरात 'नऊ ते सहा' असेल, तर तो रोज भरलेला नाही, एका बैठकीत भरलेला आहे.

मग माणसांशी बोला, मुकादमाला बाजूला ठेवून आणि दुभाषा आपला घेऊन. पासपोर्ट कुठे आहे, असं विचारलं की उत्तर येतं, 'ऑफिसात, सुरक्षित आहे.' पुढचा प्रश्न महत्त्वाचा: 'उद्या हवा असेल तर कुणाला सांगायचं?' कधी कधी इथे माणूस दाराकडे बघतो.

नावं लिहून घेऊ नका, त्याने सांगितलेलं मालकासमोर बोलू नका. गुप्तहेर बनू नका. धमकी, मारहाण, कोंडून ठेवणं असा संशय आला तर तिथल्या कामगार संघटनेकडे किंवा सरकारी यंत्रणेकडे जायचं, तेही त्या माणसाला धोका होणार नाही हे बघून.

या मार्गाची मर्यादा उघड आहे: पोच फार तर पहिल्या पायरीपर्यंत, म्हणजे तुम्हाला थेट माल देणाऱ्यापर्यंत. कच्च्या मालाच्या मुळापर्यंत तुम्ही एकटे जाऊ शकत नाही.

आणि सुरुवात घरातून. साफसफाई, रखवाली, हमाली यांसाठी तुमच्याकडेही ठेकेदाराची माणसं असतात. त्यांनी कामासाठी कुणाला पैसे दिले, हे कधी विचारलंय? भरतीचा खर्च मालकाने द्यायचा, कामगाराने नाही, हे एक तत्त्व जरी पाळलं तरी कर्जाचं मूळच तुटतं. तुमची ऑर्डरही तपासा. आठवड्याचं काम तीन दिवसांत मागितलं, तर रात्रपाळीचा हिशेब कुणीतरी चुकता करतंच.

सापडलं तर सोडायचं की थांबायचं?

ऑर्डर तडकाफडकी रद्द केली तर कर्जात बुडालेला कामगार कामावरूनही जातो. म्हणून पुरवठादार कबूल करत असेल तर थांबा: कागदपत्रं लगेच परत, एजंटाला दिलेले पैसे ठरलेल्या मुदतीत परत. नाकारत असेल तर निघा. सरकारच सक्ती करत असेल, तर तुमच्या ऑर्डरच्या धाकाने काही हलत नाही, तिथेही निघायचंच.

पंधरा दिवसांत एवढंच जमेल: आकड्यांची प्रश्नावली सगळ्यांना, एक भेट सर्वांत संशयास्पद ठिकाणी, आणि आपल्या ठेकेदाराशी बोलणं. ऑडिट पुढच्या वर्षी, तेही जिथे भेटीत काही खटकलं तिथेच. ग्राहकाला 'गुलामगिरी नाही' असं लिहून देऊ नका. काय तपासलं, काय सापडलं, काय राहिलं आणि ते कधी तपासणार, एवढं एका पानात लिहा आणि पाठवा.