साप जेवेना, आणि माझे ५०,१५० गेले

आकडा आधीच लिहून टाकते: ५०,१५०. घरात मी अजूनही 'तीसेक हजार' असंच सांगते, तेव्हा ओळखीचं कोणी वाचत असेल तर कृपा करून तोंड बंद ठेवा. हे सगळे पैसे एका बॉल पायथनपायी (हौसेने पाळतात तो बिनविषारी अजगर) गेले. सापाचा दोष शून्य. तो फक्त जेवत नव्हता.

ऑनलाइन फसवणूक कशी चालते ते मला शिकवू नका. गोड बोलणं, थोडे थोडे पैसे, मग फोन बंद, हे मलाही ठाऊक होतं. पण मला काही लॉटरी लागली नव्हती. साप खरा होता, घरी आला होता, जिवंत होता. वस्तू हातात पडल्यावर माणूस सावध राहत नाही, आणि या लोकांचा धंदा नेमका तिथूनच सुरू होतो.

साप २४,५००. वाहतूक १,८००. जाहिरातीत लिहिलं होतं: पाळलेल्या जोडीचं पिल्लू, वजन ७०० ग्रॅम, गोठवून वितळवलेले उंदीर खातो, पंधरा दिवस जेवणाची गॅरंटी. ही गॅरंटी नीट बघा. नव्या जागी आलेल्या बॉल पायथनला पहिला आठवडा हात लावायचा नाही आणि खाऊ दाखवायचा नाही, हे कोणीही जाणकार सांगेल, आणि ते बरोबरच आहे. नाही खाल्लं तर पुन्हा आठवडाभर थांबायचं. म्हणजे तुम्ही शहाण्यासारखं वागलात की गॅरंटी आपोआप संपते. मी शहाण्यासारखीच वागले.

साप आल्या आल्या काट्यावर ठेवला तर ६१२ ग्रॅम. विक्रेत्याला विचारलं, तर म्हणे, "ताई, प्रवासात उतरतं वजन." ठीक, म्हटलं.

पण ज्या क्षणाची मला अजून चीड येते तो पुढचा. साप जेवेना म्हणून मी विक्रेत्याचा तो जाहिरातीचा व्हिडिओ पुन्हा लावला, ज्यात साप झडप घालून उंदीर पकडतो. व्हिडिओतल्या सापाच्या मानेजवळचा काळा पट्टा सलग. माझ्या सापाचा मधेच तुटलेला. प्रत्येक बॉल पायथनची नक्षी वेगळी असते आणि ती जन्मभर तशीच राहते, हे मला वाचून माहीत होतं. मी स्क्रीन थांबवून, मोठी करून, साप शेजारी धरून पाहिलं. सरळसरळ दुसरा साप! मी विचारलंसुद्धा. उत्तर आलं, "कात टाकली ना ताई, नक्षी थोडी सरकते." कात टाकल्यावर रंग उजळतो, नक्षी सरकत नाही. हे माहीत असून मी 'अच्छा' असं लिहून पाठवलं. आता कोणी म्हणेल, तिथेच थांबायचं होतं. बरोबर आहे. पण समोर जिवंत प्राणी उपाशी बसलेला असताना विक्रेत्याशी भांडण काढायला जीव धजत नाही. तोच एक माणूस मदत करेल असं वाटत होतं.

त्यानेच मग 'सर्पतज्ज्ञ डॉक्टर' गाठून दिला. सल्ला १,५००. या डॉक्टरने एकदाही विचारलं नाही की पेटीतलं तापमान किती आहे. लक्षात ठेवा, साप जेवत नाही म्हटल्यावर जो पहिल्यांदा तापमान विचारत नाही त्याला एक पैसा देऊ नका. सापाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. ऊब नसेल तर तो खात नाही आणि खाल्लं तर उलटून टाकतो. बॉल पायथनला उबदार कोपरा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड कोपरा २५ ते २७ लागतो, शिवाय दोन्हीकडे अंग घासेल इतकी घट्ट लपायची जागा. या महाशयांनी सरळ भूक वाढवणारे थेंब लिहून दिले. ३,२००. बाटलीवर घटकांचं नाव नाही. वर सल्ला असा की रोज उंदीर दाखवत राहा. रोज नाकासमोर उंदीर नाचवला तर बुजलेला साप आणखी बुजतो!

आणि त्यांचं खरं भांडवल काय, तर सापाचा उपास. धडधाकट मोठा बॉल पायथन महिनोन्महिने न खाता राहतो. कात येताना डोळे निळसर होतात तेव्हा खात नाही, विणीच्या हंगामात नर खात नाहीत, नुसती जागा बदलली तरी खात नाहीत. त्यामुळे साप जेवला तर थेंबांचा गुण, नाही जेवला तर पुढचं औषध घ्या. त्यांचं नुकसान कुठेच नाही.

पुढचं औषध म्हणजे नळीने भरवायचा संच, ४,७५०. तो मी वापरला नाही. नळी श्वासनलिकेत गेली किंवा अन्ननलिकेला लागली तर साप हातातच जातो, एवढी अक्कल शाबूत होती. मग कातीची 'प्रयोगशाळा तपासणी' ६,४००, अहवालावर प्रयोगशाळेचं नावच नाही. शेवटी 'साप बदलून देतो, अनामत भरा' म्हणून ८,०००. त्यानंतर फोन उचलणं बंद.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत आधी हशा. "साप जेवत नाही म्हणून पोलिसात?" मग म्हणाले, माल मिळालाय, ही फसवणूक नाही, ग्राहक तक्रार करा. ग्राहक तक्रारीला पक्कं बिल आणि विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता माहीत असता तर मी स्वतःच गेले नसते का? बँक म्हणते, पासवर्ड तुमचाच, पैसे तुम्हीच पाठवले. पशुवैद्यांच्या नोंदणी कार्यालयाचं उत्तर तर मी जपून ठेवलंय: संबंधित व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर नसल्याने तिच्यावर कारवाई आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे खरा डॉक्टर चुकला तर कारवाई, तोतया असेल तर मोकळा! वनखात्याच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, तुमच्या सापाचे कागद दाखवा.

ते कागद मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचले. हा साप सायटिस कराराच्या (वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) परिशिष्ट २ मध्ये येतो आणि परवान्यावर प्राण्याच्या मुळाचं अक्षर असतं: पाळलेल्या जोडीच्या पिल्लाला 'सी', जंगलातून पकडलेल्याला 'डब्ल्यू'. मला मिळालेल्या फोटोत नेमका तेवढाच रकाना पुसट. विकत घ्यायच्या आधी ते अक्षर बघा, पुसट असेल तर घेऊच नका. शिवाय तुमच्यासमोर, व्हिडिओ कॉलवर, त्याच सापाला खाताना बघा आणि नक्षी जुळवा.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले (त्यांची फी वरच्या हिशेबात नाही) तोवर वजन ५४० ग्रॅम झालं होतं. दहा टक्क्यांच्या वर घट म्हणजे वाट पाहत बसायचं नाही, हे तेव्हा कळलं. खवल्यांखाली गोचीड होते, विष्ठेत जंत निघाले. "हा बहुतेक जंगलातून पकडलेला," त्या म्हणाल्या. पेटीला चिकटवलेला गोल तापमापक ३२ दाखवत होता, तळाशी प्रोबने (तारेच्या टोकाने तापमान मोजणारा मापक) मोजलं तर २६. तापमापक त्याच भामट्याने सोबत दिलेला. जंतांचं औषध झालं, ऊब आपोआप कायम राखणारा थर्मोस्टॅट बसवला, दोन घट्ट बिळं ठेवली, पेटी तीन बाजूंनी झाकली. वितळलेला उंदीर गरम पाण्यात पिशवीतून शेकून अंगाच्या उबेइतका केला, कारण हा साप ओठांवरच्या खळग्यांनी भक्ष्याची ऊब टिपतो. रात्री दिवा मालवून चिमट्याने धरला. घेतला त्याने.

रागाच्या भरात मी हे त्या विक्रेत्याला लिहून कळवलं आणि पैसे मागितले. इतके दिवस गप्प असलेला माणूस मिनिटात उत्तरला: "बघा ताई, थेंब लागू पडले. छान रिव्ह्यू टाका." ते उत्तर मी पुरावा म्हणून तक्रारीला जोडलं. परवा तक्रार बंद झाल्याचा संदेश आला. शेरा असा: साप आता आहार घेत असल्याने तक्रारीचे कारण उरलेले नाही.