दिंडीसाठी बंद पेटीची ट्रॉली: पेटी झकास, गाडा अर्धा कच्चा

वारीला ट्रॅक्टरमागे ताडपत्रीची ट्रॉली न्यायची की पत्र्याची बंद पेटी बसवलेली, हा विषय दिंडीच्या बैठकीत दरवर्षी निघतो. आमचं मत आधीच सांगतो. बंद ट्रॉली घ्यावी. फक्त दुकानात उभी असलेली, रंग मारून मागे विठोबा काढलेली ट्रॉली आहे तशी घेऊ नये. पेटीवर कारागिरी भरपूर असते, पण खालचा गाडा, म्हणजे दांडा, हूक, ब्रेक आणि दिवे, उरकून टाकलेला असतो. सामान कोरडं राहतं ते पेटीमुळे, आणि बालाघाटाचा डोंगर सुखरूप उतरायचा तो गाड्याच्या जिवावर.

हे परीक्षण मराठवाड्यातल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे साधारणपणे मिळणाऱ्या मापाचं आहे: १२ फूट लांब, ६ फूट रुंद, ६ फूट उंच पेटी, चार चाकं, पुढच्या आसावर टर्न टेबल (दांड्याबरोबर पुढची चाकं वळवणारी फिरती चकती), ९.००-१६ चे टायर, मागे दोन फळ्यांचं दार आणि बाजूला एक छोटं दार. ओढायला ४५ ते ५० एचपीचा ट्रॅक्टर.

आधी पेटी. विचारायचा पहिला प्रश्न गेजचा, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. या मापाच्या पेटीला चार भिंती आणि छत मिळून साधारण २७ चौरस मीटर पत्रा लागतो. १६ गेजचा पत्रा चौरस मीटरला साडेबारा किलो भरतो, १८ गेजचा साडेनऊ. म्हणजे पूर्ण १६ गेजची पेटी १८ गेजपेक्षा ऐंशी-पंच्याऐंशी किलोने जड, आणि त्यातलं छताचं वजन तर सगळ्यात वर. आमची शिफारस अशी: भिंतींचा खालचा दोन फुटांचा पट्टा १६ गेजचा, कारण भांड्यांचे कोपरे आणि डब्यांच्या कडा तिथेच आदळतात, वरचा भाग आणि छत १८ गेजचं. तळाला ३ मिलिमीटरचा चेकर्ड पत्रा हवाच, त्याचे दीड-पावणेदोनशे किलो धरा. त्याहून पातळ तळ दुसऱ्या वर्षी खोलगट होतो, खळग्यात पाणी साचतं आणि आतूनच गंज धरतो. २० गेजची पेटी कुणी स्वस्तात देत असेल तर नको. ती रस्ताभर टाळ वाजवते.

छत सपाट असेल तर परत पाठवा. मधे दोन इंच उंचवटा आणि दोन्ही दारांच्या वर पन्हळ एवढी मागणी जास्त नाही. पाणी आत येतं ते छतातून कमी आणि दाराच्या वरच्या फटीतून जास्त. रबरी पट्टी दाराला नाही, चौकटीला लावून घ्या. दाराला लावलेली पट्टी सामान काढता-ठेवताना घासून सुटते.

बंद पेटीचा ताडपत्रीला नसलेला दोष म्हणजे घाम. आषाढातल्या पहाटे पत्रा गार पडतो, आतल्या ओलसर अंथरुणांची वाफ छताला लागते आणि थेंब थेंब परत अंथरुणांवरच पडते. तीन दिवसांत वळकट्यांना कुबट वास येतो, आणि लोक म्हणतात पेटी गळते. पेटी गळत नसते, तिला श्वास नसतो. पुढच्या आणि मागच्या भिंतीला वरच्या बाजूला, खाली तोंड केलेली झडप एकेक हवी, आणि तळावर दीड इंचाच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे पिठाची पोती व वळकट्या पत्र्याला टेकणार नाहीत.

गॅसच्या टाक्या पेटीत ठेवायच्याच नाहीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वरच्या झडपेतून बाहेर न जाता तळाशी साचून राहतो. मग कुणीतरी अंधारात दार उघडून काडी ओढतो. टाक्यांसाठी पेटीच्या पुढच्या भिंतीबाहेर, दांड्याच्या वर, जाळीच्या तळाचा पिंजरा करून घ्या. टाक्या उभ्याच, वरून पट्ट्याने आवळलेल्या. पिंजरा झाला तरी पेटीच्या तळाला चार कोपऱ्यांत जाळी लावलेली भोकं ठेवा. जनरेटर आणि डिझेलचे कॅन यांचीही जागा बाहेरच. डिझेलचा वास एकदा गव्हाच्या पिठात शिरला की त्या पोळ्या जनावरंही नाक मुरडून खातात.

बाजूचं दार डावीकडेच हवं. कडेला ट्रॉली उभी करून सामान काढताना माणूस रस्त्याच्या अंगाला येता कामा नये. काही ठिकाणी ते उजवीकडे बसवून देतात आणि 'काय फरक पडतो' म्हणतात. पडतो.

आता वजन. दीडशे वारकऱ्यांच्या दिंडीचा हिशेब मांडू. माणशी आठ किलोची वळकटी आणि पिशवी धरली तर बाराशे किलो. पंचवीस राहुट्या खांबांसह वीस किलोंच्या धरल्या तर पाचशे. भांडी, शेगड्या, परातींचे तीनशे. चार दिवसांचा शिधा माणशी रोजचा अर्धा किलो, म्हणजे आणखी तीनशे. पाण्याचे २०० लिटरचे दोन पिंप, चारशे. झाले सत्तावीसशे किलो. रिकामी ट्रॉली दोन टनांच्या आसपास धरा, म्हणजे ट्रॅक्टरमागे पावणेपाच टन. एवढ्या एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा. त्यात एक पाऊस झाला आणि ओल्या राहुट्या तशाच गुंडाळून भरल्या की शे-दीडशे किलो कुणाच्या लक्षात न येता वाढतात. निघण्याआधी भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर घाला. बाजार समितीजवळ नाहीतर कारखान्याकडे काटा सापडतोच. पावती जपून ठेवा आणि ट्रॉलीच्या कागदांवर लिहिलेल्या भरवजनाशी ताडून बघा.

हे वजन चढावर फक्त ट्रॅक्टरला धाप लावतं. खरी परीक्षा उतारावर. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पाटोद्याकडे जाणारी दिंडी असो, शेगावच्या पालखीमागे परळी-अंबाजोगाईवरून येणारी असो किंवा बीडकडून मांजरसुंब्याचा घाट ओलांडणारी असो, मराठवाड्यातून पंढरपूर गाठायचं तर बालाघाट मधे येतोच. उतारावर मागचं वजन पुढच्याच्या दुप्पट असलं की ट्रॉली ट्रॅक्टरच्या अंगावर येते. वळणावर तसं झालं तर ती मागची चाकं बाजूला ढकलते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

म्हणून ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि तयार मालात नेमका त्यांचाच तुटवडा असतो. हँडब्रेक असतो, तो उभ्या ट्रॉलीसाठी. चालत्या ट्रॉलीसाठी दोन पर्याय बरे. एक, हवेचे ब्रेक. ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर आणि टाकी बसवावी लागते, खर्च जास्त, पण पायाखाली भरवसा राहतो. दुसरा, ढकलीचा ब्रेक. ट्रॉली पुढे रेटली की दांड्याचा सरकता भाग आत जातो, केबल ओढली जाते आणि ट्रॉलीची चाकं आपोआप आवळतात. स्वस्त आहे, डोंगराळ पण छोट्या उतारांना पुरतो. मात्र लांब घाटात तो सतत घासत राहून तापतो. त्याला रिव्हर्सचा खटका असल्याची खात्री करा, नाहीतर मागे घेतानाही तो आवळतो आणि चालक क्लच जाळतो. ब्रेक कोणताही असो, दोन्ही आसांवर मागा. फक्त मागच्या आसावर देऊन दुकानदार काम संपवतो.

चालकाला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण एकही गाळायची नाही. रस्त्याला लागण्याआधी ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या ब्रेक पेडलांची कडी जोडलेली हवी. शेतात वळायला ती सोडलेली असते आणि तशीच राहते. मग घाटात एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर एका बाजूला गर्रकन फिरतो. गिअर घाट सुरू होण्याआधी खालचा टाकायचा, ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्यात. उतारावर न्यूट्रल नाही, क्लचवर पाय नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या चालकाला दिंडीत टाळकरी करा.

हूक आणि पिन ही दोनशे रुपयांची बाब समजली जाते. दांड्याचं कडं आणि पिन यांच्यात बोट शिरेल एवढी फट असेल तर प्रत्येक खड्ड्यात धक्का बसतो आणि झीज दुपटीने वाढते. सळई कापून केलेली पिन चालत नाही. टणक पोलादाची, वर डोकं आणि खाली लॉक असलेलीच घ्या, दुसरी जोड पेटाऱ्यात ठेवा. दोन सेफ्टी साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन बांधायच्या, म्हणजे पिन निघाली तरी दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. वळताना ताणणार नाहीत एवढ्या सैल, जमिनीला लागणार नाहीत एवढ्या आखूड. आणि ओढ नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकातूनच. दांडा टॉप लिंकच्या जागी, म्हणजे अवजारांचा वरचा दांडा जोडतात तिथे, वर अडकवला तर चढावर पुढची चाकं उचलतात.

टर्न टेबलला ग्रीसचे निपल किती आहेत ते वाकून मोजा, आणि त्यांच्यापर्यंत ग्रीसगन पोहोचते का तेही बघा. पेटी बसवताना अर्धे निपल झाकून टाकलेल्या ट्रॉल्या आम्ही बघितल्यात. चाकाचं बेअरिंग तपासायची रीत जुनीच: जॅकवर चाक उचला, वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर खोला. मुक्कामावर पोहोचताच चारही हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, हाताच्या पाठीने चाचपा. एकच तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय. नवीन ट्रॉलीचे चाकांचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचायला शिका. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रॉलीचे टायर झिजून क्वचितच जातात. अकरा महिने एका जागी उभे राहून, उन्हाने कडेला भेगा पडून जातात. नक्षी नवी दिसते म्हणून फसू नका. स्टेपनी सोबत हवीच, आणि जॅक ट्रॉलीचं भरलेलं वजन उचलणारा हवा, ट्रॅक्टरबरोबर आलेला नव्हे.

दिव्यांचा घोळ जवळपास प्रत्येक ट्रॉलीत सापडतो. ट्रकचे टेल लॅम्प बाजारात पटकन मिळतात म्हणून तेच बसवतात. ट्रकचं वायरिंग २४ व्होल्टचं, ट्रॅक्टरचं १२. त्यामुळे बल्ब काजव्यासारखे मिणमिणतात. १२ व्होल्टचे बल्ब टाका. सात पिनांचं सॉकेट घ्या आणि अर्थची वायर वेगळी ओढायला लावा. ती नसली की करंट हुकाच्या लोखंडातून परततो. हूक हलला की दिवे फडफडतात, इंडिकेटर द्यायला गेलं तर ब्रेक लाइट उजळतो. टर्न टेबलजवळ वायर पाइपातून आणि थोडी सैल हवी, नाहीतर वळणावर तुटते. चमकणारी पट्टी मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. आणि पेंटरला आधी सांगा, 'राम कृष्ण हरी' पट्टीवरून लिहू नकोस.

चिखलाबाबत या ट्रॉलीला मार्क कमी. दोन चाकी ट्रॉलीचं थोडं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतं, म्हणून काळ्या रानात पकड मिळते. चारचाकीचं तसं नाही, तिचं वजन तिच्याच चाकांवर, आणि ती चाकं रुततात. पण हूक सोडला तरी ती पायावर उभी राहते आणि ट्रॅक्टर पाण्याच्या टँकरला मोकळा होतो. मुक्कामाला हे सोयीचं. मागे घेणं मात्र डोकेदुखी, कारण ती हूक आणि टर्न टेबल अशा दोन ठिकाणी वळते. रानात शिरतानाच तोंड रस्त्याकडे करून उभी करा.

भरताना जड सामान खाली आणि दोन आसांच्या मधे, डावं-उजवं सारखं. पाण्याचे पिंप भिंतीला पट्ट्याने बांधलेले, कारण अर्धा पिंप वळणावर हिंदकळतो. राहुट्या मागच्या दाराशी, कारण पाऊस आला तर त्याच आधी लागतात. भांडी बाजूच्या दाराशी. टपावर काही नको. जमिनीपासून टप दहा फुटांच्या घरात जातो, वर खांब बांधले की गावातल्या वीजतारा आणि स्वागत कमानी अंगावर येतात. खांबांसाठी तळाखाली लांब पाइप बसवून घ्या. पेटीत माणसं अजिबात बसवायची नाहीत, पाऊस असला तरी. आतून उघडणारी कडी मात्र लावून घ्या. दार बाहेरून कुणीही लावतं.

कागदांचं थोडक्यात. ट्रॉलीला स्वतःची नोंदणी आणि विमा लागतो, ट्रॅक्टरचा पुरत नाही. जुन्या उघड्या ट्रॉलीवर पेटी चढवायची असेल तर तो मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मधला बदल ठरतो. आरटीओत आधी विचारा, वेल्डिंग नंतर.

भाव बहुतेक ठिकाणी लोखंडाच्या किलोवर सांगतात. अशा सौद्यात जड ट्रॉली बनवण्यात दुकानदाराचा फायदा आणि ती ओढण्यात तुमचा तोटा. पत्र्याचा गेज, दोन्ही आसांचे ब्रेक, टायरचं साल आणि १२ व्होल्टचं वायरिंग कच्च्या पावतीवरही लिहून घ्या. ताबा घेताना रिकामी ट्रॉली काट्यावर घालून बिलातल्या किलोशी जुळवा. वारीहून परतल्यावर ती धुवून, दारं आठ दिवस उघडी ठेवून वाळवा, आस लाकडी ठोकळ्यांवर टेकवून टायर जमिनीपासून उचला आणि उन्हाच्या बाजूच्या चाकांवर पोती टाका.