कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड: फिल्टर बाहेर, फिल्टर आत, की फुल स्पेक्ट्रम?

कॅमेऱ्याचा सिलिकॉन सेन्सर साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकतो. त्याच्यापुढची हॉट मिरर ही काच मात्र ७०० च्या पुढचं, म्हणजे डोळ्याला न दिसणारं इन्फ्रारेड, जवळजवळ सगळं अडवते. या काचेचं काय करायचं, एवढाच निर्णय आहे.

ती तशीच ठेवली तर होया आर७२ सारखा ७२० चा फिल्टर, म्हणजे साधारण ७२० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणारा, लेन्सपुढे लावायचा. आधी टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर एलईडी लख्ख दिसला तर काच बरंच इन्फ्रारेड सोडते. मिणमिणता दिसला तर भर उन्हातही एक्स्पोजर काही सेकंदांवर जाईल. मग ट्रायपॉड आलाच, आणि वाऱ्याने हललेली पानं पुसट येणार. तरीही कॅमेरा खोलण्याआधी हे करून पाहावंच, कारण हॉटस्पॉट, म्हणजे फोटोच्या मधोमध येणारा फिकट डाग, बहुतांशी लेन्सच्या आतल्या परावर्तनाने पडतो. तो कन्व्हर्जननंतरही, म्हणजे आतली काच बदलल्यावरही, राहतो, लेन्सचं छिद्र लहान केलं की वाढतो, आणि कॉम्पॅक्टची लेन्स बदलता येत नाही. डाग दिसला तर दुसरा कॅमेरा शोधा.

काच काढून तिथे ७२० चाच फिल्टर बसवला की कॅमेरा कायमचा इन्फ्रारेडचा होतो, पण उन्हात हातात धरून नेहमीच्या वेगाने फोटो निघतात. झाडी पांढरी, आकाश गडद, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये लाल-निळ्या चॅनलची अदलाबदल करण्यापुरता रंगही उरतो. ८३० मध्ये रंग जवळजवळ संपतो. फक्त कृष्णधवल हवं असेल तरच तो घ्या. ५९० मध्ये पानं सोनेरी करता येतात, पण पांढरेपणाचा परिणाम सौम्य होतो.

फुल स्पेक्ट्रममध्ये आत साधी पारदर्शक काच बसते आणि फिल्टर बाहेर बदलत राहायचे. आज ५९०, उद्या ८३०, आणि हॉट मिररसारखा फिल्टर पुढे लावला की बऱ्यापैकी नेहमीचे रंगही मिळतात. कागदावर हाच पर्याय सरस. पण बहुतेक कॉम्पॅक्टच्या लेन्सला फिल्टरचे आटे नसतात आणि ती बंद करताना आत जाते. चिकटवलेली चुंबकी रिंग लेन्सच्या मोटरवर भार टाकते, लेन्स झाकणाऱ्या पडदीतही अडकू शकते. फिल्टर धरणारी अ‍ॅडॉप्टर ट्यूब बसू शकेल असं मॉडेल असेल तर फुल स्पेक्ट्रम निवडा. नसेल तर आत ७२०.

आतलं काम दोन्हींत सारखंच. सगळ्यात धोकादायक भाग फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर: बॅटरी काढल्यावरही त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगीने बोर्ड जातो. २ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्याने दोन्ही टोकांवर चार-पाच सेकंद धरा आणि मल्टिमीटरने खात्री करा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून काढलेल्या क्रमाने टेपवर चिकटवून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बोर्डात घुसतो. फ्लेक्स केबल ओढायची नाही, आधी कनेक्टरची पट्टी उचलायची. सेन्सरची पट्टी स्प्रिंगवर तोललेली असेल तर प्रत्येक स्क्रू किती फेरे फिरवला ते लिहा, नाहीतर फोटोची एक बाजू कायम अस्पष्ट.

नव्या काचेची जाडी हा नेमका मुद्दा. जुनी काच व्हर्नियरने मोजा. काच काढून जागा रिकामी ठेवली तर फोकस जाडीच्या सुमारे एक तृतीयांश लेन्सकडे सरकतो: १ मिलिमीटरची काच गेली की ०.३ मिलिमीटरहून थोडं जास्त. कॉम्पॅक्टचा ऑटोफोकस सेन्सरवरूनच पाहतो, त्यामुळे जवळचं बरोबर येतं, पण लेन्सला मागे यायला तेवढी जागा नसल्याने दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होत नाही. म्हणून नवी काच शक्यतो तेवढ्याच जाडीची हवी. बसवण्याआधी ब्लोअर मारा, कारण आत राहिलेला धुळीचा कण लहान सेन्सरवर मोठा डाग होऊन प्रत्येक फोटोत येतो, आणि तो काढायला सगळं पुन्हा खोलावं लागतं.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरं काय मानायचं ते, उन्हातल्या हिरव्या गवतावर घ्या. कॅमेरा तो स्वीकारत नसेल तर रॉ, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल, लागेल. कॅननच्या अनेक पॉवरशॉट मॉडेलवर सीएचडीके हे मेमरी कार्डवरून चालणारं मोफत सॉफ्टवेअर टाकून रॉ मिळतं. जेपेगच देणारा, व्हाइट बॅलन्स हाताने न घेऊ देणारा कॅमेरा असेल तर रंगांचा नाद सोडून ८३० बसवा.